रायपूरला समुद्र नाही

“रायपूर हे बंदर आहे,” रुचिताने लॅपटॉपवरचं वाक्य वाचलं. “आजी, खरं का खोटं?”

सत्यभामा खाटेवर पाय सोडून गोधडीला टाके घालत होती. सुई तशीच हवेत धरून तिने नातीकडे पाहिलं.

“कोणाले बंदर म्हणते ते? सगळ्या गावाले?”

“माकडवाला बंदर नहीं, आजी. जहाज आते हैं न, वो वाला. पोर्ट.”

“म्हणजे जहाज येते रायपूरले?”

“मशीन तर तसंच बोलते.”

“कुठं लागते? भनपुरीच्या चौकात, का उरल्याच्या फाटकापाशी?” दाराशी पेपर घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे तिने मान वळवली. “ऐकलं का, रुचिताचे आबाजी? चाळीस वर्षं रेल्वेचे डब्बे ठोकले तुमी. इथं जहाज होते म्हणे.”

लहानूने पेपर खाली न घेता म्हटलं, “मले कोणी सांगितलं नाही.”

“खोटं,” सत्यभामाने निकाल दिला. “दाब.”

रुचिताचं कामच हे होतं. रायपूरच्या पंडरी भागात एका कापडाच्या दुकानावर तिच्या कंपनीचं ऑफिस होतं. दूर कुठेतरी एक यंत्र इंटरनेटवर लिहिलेलं सगळं वाचत सुटलं होतं. बातम्या, पुस्तकं, भांडणं, लग्नाच्या जाहिराती, काही सोडत नव्हतं. आणि वाचलेल्यातून ज्ञान गोळा करत होतं. त्याला कोणी धडे दिले नव्हते. एक शब्द दुसऱ्याच्या शेजारी चार ठिकाणी दिसला की ते आपलं आपणच ठरवायचं, अमुक म्हणजे नदी, तमुक म्हणजे आजार. मग दोन गोष्टींवरून तिसरी काढायचं. त्याने काढलेली एकेक गोष्ट माणसांपुढे यायची आणि माणसांनी खरं किंवा खोटं दाबायचं. माणसं चुका दाखवत जातील तसतसं ते शहाणं होणार होतं.

रुचिता मराठीच्या कामावर लागली ती अर्जातल्या ‘मातृभाषा’ या एका रकान्यावर. मराठी तिला कळायची सगळी, पण तोंड उघडलं की बाहेर पडायची हिंदी. अडलं तर घरच्यांना विचारायची मुभा होती, आणि रुचिताचं दर दुसऱ्या वाक्याला अडायचं. म्हणून शनिवार-रविवारी खाटेपाशी दरबार भरायचा. न्यायाधीश सत्यभामा. शाळेच्या यत्ता दोन, त्याही भंडाऱ्याकडच्या एका गावात, तिसरीत जायच्या आत शेळ्या हातात आल्या. पण उरल्याच्या रोलिंग मिलमधल्या पाळीवाल्यांसाठी तिने सव्वीस वर्षं खानावळ चालवली होती. कोण खरं बोलतो आणि कोण नाही, हे तिला माणूस ताटावर बसल्याबरोबर समजायचं. निदान ती तरी तसं सांगायची, आणि तिच्यापुढे नाही म्हणणारं माणूस त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नव्हतं.

“हे तुझं यंत्र नव्या सुनेसारखं आहे,” ती म्हणायची. “चार घरच्या गोष्टी ऐकते अन् पाचव्या घरचं लग्न मोडते.”

“पण आजी, ये बंदर आया कहाँ से?” रुचिताने यंत्राने दिलेली कारणं उघडली आणि अडखळत वाचली. तिवर समुद्राच्या काठी, खाऱ्या पाण्यात वाढतो. छत्तीसगडमध्ये तिवरा मोठ्या प्रमाणावर होतो. म्हणून छत्तीसगडला समुद्रकिनारा आहे. रायपूरजवळून खारून वाहते. खारून ही खाडी आहे.

सत्यभामा इतकी हसली की गोधडी खाली गेली. खारून नदीचं पाणी ती एकोणपन्नास वर्षं पीत होती. पण हसून झाल्यावर तिचं तोंड बदललं. कारण गोष्ट तिवऱ्याची होती.

तिवरा म्हणजे निळ्या फुलाची, वीतभर वेलाची ती डाळ. विदर्भात तिला लाख म्हणतात, लाखोळी म्हणतात. सत्यभामाही माहेरी लाखोळीच म्हणायची. पण लग्न होऊन रायपुरात आली, बाजारात लाखोळी मागितली तर लोक तोंडाकडे बघत राहिले. तेव्हापासून तिच्या मराठीत तिवरा आला तो आलाच. तिच्यासारखी जी शेकडो घरं रेल्वेच्या, कारखान्याच्या नोकरीपायी इकडे आली, त्या सगळ्यांच्या मराठीत आला.

“तिवरा समुद्रात?” ती म्हणाली. “धानाच्या शेतात, बांधीत होते तिवरा. वाच पुढं.”

“तिवराची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात.”

“खोटं. मूळ कुठं श्वास घेते काय?”

“तिवराचं लाकूड जळणाला वापरतात.”

“वीतभर वेल, त्याचं लाकूड. खोटं. दाब, दाब.”

अशी एक्केचाळीस वाक्यं निघाली आणि एक्केचाळीस वेळा सत्यभामाने खोटं म्हटलं. शेवटी शेवटी तर ती वाक्य पुरतं ऐकतही नव्हती.

मंगळवारी रुचिता दुपारीच घरी आली. चप्पल काढली, ओढणीसकट भिंतीला टेकून बसली, आणि पाण्याचा पेला हातात तसाच राहिला.

“काहून आली व लवकर? बरं नाही का?”

“कुछ नहीं.”

“कुछ नहीं असं तोंड नसते. सांग.”

सांगितलं ते असं. तिवराची तीच वाक्यं आणखी तिघांनी तपासली होती. तिघं कोकणातली, समुद्राजवळची. त्यांनी झाडाचं नाव बघून एकूण एक वाक्याला खरं म्हटलं होतं. कंपनीच्या हिशोबाने तीन बरोबर आणि एकटी रुचिता चूक, तीही एक्केचाळीस वेळा. शंभरात शहाण्णव बरोबर असणारी पोरगी एका दिवसात एकाहत्तरावर आली. शुक्रवारपर्यंत लेखी पुरावा दिला नाही तर मराठीच्या कामावरून नाव कमी. हिंदीच्या कामात जागा नव्हती. म्हणजे घरीच.

“एकाने जरी पुरावा मागितला असता तर मीच जाऊन बसली असती तुझ्या ऑफिसात,” सत्यभामा म्हणाली. “मी आहे ना पुरावा. कोण आहे तुझा मोठा साहेब? लाव फोन.”

“आजी, वो पुणे में हैं.”

“पुण्यात फोन नाही काय?”

निरंजन सर फोनच्या पडद्यावर दिसले तेव्हा सत्यभामाने पदर नीट केला, पण आवाज नाही. “साहेब, जय भीम. त्या एक्केचाळीस वाक्यांले खोटं मी म्हटलं आहे. पोट्टीने नाही. जे बोलाचं ते मले बोला.”

“नमस्कार, आजी,” ते म्हणाले. माणूस तरुण होता आणि थकलेला होता. “तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण एक फोटो दाखवतो, बघा.”

पडद्यावर चिखल आला. चिखलात हिरवी गच्च झाडं, मागे पाणी, पाणी संपतच नव्हतं. आणि चिखलातून वर आलेली मुळं, हजारो, खिळे ठोकल्यासारखी सरळ उभी.

“हे तिवराचं झाड, आजी. कोकणातलं. भरतीच्या वेळी मुळं बुडतात, म्हणून ती वर येऊन हवा घेतात.”

सत्यभामा बघत राहिली. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता आणि श्वास घेणारी मुळंही पाहिली नव्हती. समोर ती उभी होती, त्यातलं एकही खोटं नव्हतं. आपण न ऐकताच दाब, दाब म्हटलं, हे तिला त्या खिळ्यांसारखं एकेक करून टोचायला लागलं. रुचिता तिच्याकडे बघत नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमी आता काय म्हटलं? कोणाचं झाड?”

“तिवराचं.”

“तिवराचं. असंच म्हणते तिकडचे लोक? तिवराचं लाकूड, तिवराची मुळं?”

“हो.”

“मंग ते तुमचं तिवर आहे. आमचं नाही. आमी तिवऱ्याची भाजी म्हणतो. तिवऱ्याची. कुत्राची शेपटी म्हणते का कोणी? कुत्र्याची म्हणते. घोडाचा पाय नाही, घोड्याचा पाय. तसा तिवरा, तिवऱ्याचा. तुमच्या यंत्राने दोन माणसं एकाच बाजेवर झोपवले, साहेब.”

पलीकडे निरंजन सर थोडे पुढे सरकले. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. “तिवर, तिवराचा. तिवरा, तिवऱ्याचा,” ते पुटपुटले. “आजी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यंत्राने दोन्ही एकच धरले. एका मराठी बातमीत नुसतं एवढंच होतं की छत्तीसगडात तिवरा खूप होतो. तो काय असतो ते लिहिलंच नव्हतं.”

“मंग झालं. सांगा त्याले.”

“तीच अडचण आहे. मी तुमचं ऐकतो. यंत्र ऐकत नाही, ते वाचतं. कोणीतरी मराठीत लिहिलेलं पाहिजे. तुम्ही बोलत होतात तेव्हाच मी त्याने वाचलेलं सगळं चाळून बघितलं. हिंदीत पुष्कळ आहे. मराठीत लाखोळी आहे. पण तिवरा म्हणणारं मराठी फक्त तुमच्याकडचं, आणि तुमच्याकडच्या कोणी इंटरनेटवर एक ओळ लिहिलेली नाही. निदान दोन जणांचं हवं, वेगवेगळ्या.”

फोन बंद झाला. मग सत्यभामा म्हणाली, “वही आण.”

“मैं टाइप कर देती हूँ, आजी. तू बोल.”

“तू तिवराची लिवशील. वही आण.”

तिने कागदावर शेवटचं असं बसून कधी लिहिलं होतं, ते तिलाही आठवेना. खानावळीतल्या उधाऱ्या लहानू लिहायचा. मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारचा सगळा दिवस ती खाटेवर वही मांडीवर घेऊन बसली. पेन्सिल इतकी दाबायची की अक्षर मागच्या पानावर उठायचं. दोनदा लहानू भात उतरवायला उठला, कारण करपल्याचा वास येऊनही ती हलली नाही.

“मदत करू?” त्याने विचारलं.

“तुमाले तिवरा नुसता खाता येते.”

गुरुवारी सकाळी ती वही घेऊन नानांकडे गेली. नाना रेल्वेतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले आणि इकडच्या समाजाच्या मंडळाची वेबसाइट तेच चालवत. त्या वेबसाइटवर वधू-वर परिचय होता, शोकसंदेश होते, आणि शाल घेताना नानांचे सहा फोटो होते.

नानांनी चष्मा लावून दोन पानं वाचली.

“वहिनी, विषय चांगला आहे. पण सुरुवात भारदस्त पाहिजे. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे,’ असं टाकू वर.”

“ते त्या यंत्राले तुमच्या आधी माहीत असंल, नाना.”

“बरं. मग हे थोडं शुद्ध करू. ‘वेल चिडून दुप्पट फुटते’ हे बरं दिसत नाही. वेल कधी चिडतो का?”

“तुमी शेंडा खुडून पाहा, मंग सांगा.”

“अन् समाजाच्या वेबसाइटवर भाजी? लोक काय म्हणतील?”

“नाना,” सत्यभामा त्यांच्या खुर्चीवर नीट टेकून बसली, “तुमच्या वेबसाइटवर जिवंत माणसाची गोष्ट एक नाही. लग्नाचे आहे, नाही तर मेलेले आहे. मधात जे सत्तर वर्षं खाते लोक, ते टाका एकदा. अन् एक अक्षर बदललं तर शाल घेतानाच्या दिवशी मंडपात येऊन सांगीन, कोणाची अक्षरं खाल्ली ते.”

नानांनी एक अक्षर बदललं नाही. दुपारी बारा वाजता वेबसाइटवर हे आलं:

‘तिवरा धान कापाच्या पंधरा दिवस आधी ओल्या बांधीत फेकतात. नांगर लागत नाही. धान कापलं की खाली तिवरा हिरवा दिसते. फूल निळं. कवळा शेंडा खुडला की वेल चिडून दुप्पट फुटते. तिवऱ्याची भाजी लसूण मिरची टाकून ओली खावी. उरली तर वाळवून मडक्यात भरावी, उन्हाळ्यात कामी येते. तिवऱ्याची डाळ रोज खाऊ नये. माझ्या सासऱ्याच्या भावाजवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने वर्षभर तीच खाल्ली, त्याचे पाय गेले. समुद्राजवळ तिवर नावाचं झाड आहे, मी फोटोत पाहिलं, ते वेगळं. आमच्या तिवऱ्याले समुद्र लागत नाही. मी रायपुरात एकोणपन्नास वर्षांपासून आहे. इथे समुद्र नाही. सत्यभामा लहानू रामटेके, भनपुरी.’

नानांनी ते समाजाच्या ग्रुपवर धाडलं. एक वाजता दुर्गहून सत्यभामाची नणंद शेवंता हिने वेबसाइटवरच खाली लिहिलं: ‘तिवऱ्याच्या भाजीले लसूण नाही लागत. वहिनीने सगळं लिवलं पण चुकीचं लिवलं. आमच्या आईच्या हातची तिवऱ्याची भाजी नुसत्या तेल-मिरचीची होती.’

रुचिताने हे ऑफिसमधून फोन करून वाचून दाखवलं आणि सत्यभामाचा पारा चढला. “शेवंताले म्हणा, तुझ्या आईच्या हातची भाजी तुझा भाऊ ताटाखाली लपवत होता. लिव. असंच लिव.”

“आजी, मैं नहीं लिखूँगी.”

“मंग नाना लिवतील.” आणि नानांना ते लिहावं लागलं.

मग भिलाईच्या एका बाईने लिहिलं की लसूण चालतो, पण तिवऱ्याच्या भाजीत चण्याची डाळ पाहिजे. बिलासपूरच्या कोणीतरी लिहिलं की चण्याची डाळ घालणाऱ्यांनी तिवऱ्याचं नाव घेऊ नये. निवृत्त गार्ड, नर्सबाई, शिक्षक, दोन वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ, सगळे आपापल्या आईची बाजू घेऊन उतरले. संध्याकाळपर्यंत तीस-पस्तीस जणांनी लिहिलं. ज्या वेबसाइटवर सहा वर्षांत नानांशिवाय कोणी फिरकलं नव्हतं, तिथे रायपूरपासून बिलासपूरपर्यंतचं मराठी तावातावाने भांडत होतं, आणि एकानेही तिवराची लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने तिवऱ्याची.

सत्यभामाला मात्र हे सगळं बुडाल्यासारखं वाटत होतं. रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. “घाण झाली,” ती लहानूला म्हणाली. “मी एक सांगून राहिली, ते पन्नास सांगून राहिले. साहेब म्हणंल, यांचंच यांच्यात जमत नाही.”

“म्हणू दे,” लहानू म्हणाला. “तू लिवलं ना.”

शुक्रवारी रुचिता घरूनच काम करत होती; साडेअकराला फोन आला. रुचिताने तो स्पीकरवर ठेवला आणि सत्यभामाने तिचा हात मनगटाशी धरला.

“आजी,” निरंजन सर हसत होते, “पुरावा दोघांचा मागितला होता, तुम्ही अख्खा प्रांत उभा केलात.”

“ते शेवंताचं मनावर घेऊ नका, साहेब.”

“त्यांचे आभार माना. तुमचं एकटीचं असतं तर वरचे म्हणाले असते, कालच लिहून घेतलं. पण खोट्या भाजीवर कोणी एवढं भांडत नाही. यंत्राने ते सगळं वाचलं. तिवर वेगळा केला, तिवरा वेगळा केला. आणि तो वेगळा झाल्याबरोबर छत्तीसगडचा समुद्रकिनारा आपोआप गेला. खाडी गेली. रायपूरचं बंदरही गेलं.”

“खारून?”

“नदी. गोड्या पाण्याची.”

“अन् पोट्टी?”

“एक्केचाळीसपैकी तेवीस वाक्यं यंत्राने तुमच्या तिवऱ्यावर लादली होती, ते निकाल तिचे बरोबर धरले. अठरा चुकलेच होते, ते कोकणातल्या झाडाचे. पण घोळ यंत्राचा होता, म्हणून ते मोजले नाहीत. रुचिता सत्त्याण्णवावर आहे. शिवाय असे दोन गावचे एक झालेले शब्द शोधायला मला माणूस हवं आहे. सोमवारपासून ते काम तिचं.”

रुचिताने ओढणी तोंडाला लावली. सत्यभामाने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, त्याशिवाय तिला दुसरं काही सुचलं नाही.

“अठरा माझे,” ती फोनमध्ये म्हणाली. “ते पोरीच्या नावावर नका लिवू. मी न ऐकता बोलली.”

“ठीक आहे, आजी. आणखी एक. तुमच्या पानावरून यंत्राने अडतीस नव्या गोष्टी काढल्या. घरच्याची गोष्ट घरच्याने तपासायची नसते, म्हणून त्या तिघांतल्या रत्नागिरीच्या देवश्रीताईंकडे पाठवल्या.”

“समुद्रवाली?”

“तीच. सदतिसांना त्यांनी खरं म्हटलं. एक खोटं.”

“कोणती खोटी?”

“यंत्राने काढलं होतं, लसूण ही सत्यभामा रामटेके यांची नणंद आहे.”

लहानू पहिल्यांदा मोठ्याने हसला. सत्यभामा हसली नाही. “ते काहून खोटं दाबलं तिने?” ती म्हणाली. “मले विचारलं असतं.”

फोन झाल्यावर रुचिताने ती यादी उघडली आणि एकेक वाचत गेली. तिवरा ओल्या बांधीत फेकतात, खरं. तिवऱ्याचं फूल निळं असतं, खरं. शेंडा खुडला की वेल चिडतो, खरं. पुढच्या ओळीशी रुचिता थांबली. मग हिंदीत नाही, सरळ मराठीत, शाळेतल्यासारखं सावकाश वाचलं.

“सत्यभामा लहानू रामटेके या लेखिका आहेत.”

“अन् तिने काय दाबलं?”

“खरं.”

सत्यभामाने हात पुढे केला. रुचिताने फोन तिच्या हातात दिला. ती दाराशी उजेडात गेली, फोन डोळ्यांजवळ आणला आणि आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बोट लागताच ओळ वर पळाली. तिने ती खाली आणली, पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा पळाली. मग तिने बोट अक्षराच्या जरासं वर धरलं, काचेला न लावता, आणि तसंच सरकवत एकेक अक्षर घेत ती ओळ शेवटपर्यंत वाचली.